खालचं बोट

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती. उत्तराला दोन दिवस लागले, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की हाताने गोधडी शिवताना मन ठिकाणावर येतं, आणि आपल्या आज्यांना हे ध्यान कुणी न शिकवताच येत होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की तुमच्या आई मजुरीवर घरोघरी वाकळा शिवायच्या. संध्याकाळी पाठ धरायची, बोटं सुजायची, आणि घरात शिलाई मशीन आलं तेव्हा त्या सुटल्या. ‘तिला विचारा ध्यान म्हणजे काय ते. तुमचे हे फावल्या वेळचे चोचले आहेत.’

आज्यांबद्दलचं ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. माझी आजी घरच्यांसाठी शिवायची, दुपारची भांडी आवरल्यावर, आणि तेव्हा तिच्या मनात काय चालायचं हे मी तिला एकदाही विचारलं नाही. तिच्या वतीने बोलायचा मला काय अधिकार? मजुरीचंही तसंच. शिवणाच्या शिबिराला आपण मागतील तेवढे पैसे भरतो आणि दारावर आलेल्या गोधडीवाल्या बाईशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. मीही केली आहे. मशीनशीही माझं भांडण नाही, मुलीचे फ्रॉक मी मशीनवरच शिवते.

पण ‘चोचले’ हा शब्द मला मान्य नाही. का, ते हातातल्या कामावरूनच सांगते.

माझ्या गोधडीत वर आणि खाली आईची दोन सुती लुगडी आहेत, मध्ये जुनी धोतरं आणि चादरींचे तुकडे. चार-पाच पदर होतात. सुई वरून खुपसली की ती खाली कुठे निघणार हे दिसत नाही. म्हणून डावा हात गोधडीच्या खाली ठेवायचा. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं न लागलं, तेवढ्यात ती वर वळवायची. टोक लागायच्या आधी वळवली तर टाका खालच्या लुगड्यापर्यंत पोचतच नाही, आणि उशीर झाला तर बोटातून रक्त. वरच्या हाताला अंगुस्तान घालता येतं. खालचं बोट उघडंच ठेवावं लागतं, नाहीतर त्याला कळणार काय? सगळं लक्ष त्या पेराएवढ्या जागेत येऊन बसतं. मी ते आणत नाही, सुई आणते. काठाचं जाड विणकाम आलं की हात आपोआप सावकाश होतो. दोरा हात-दीड हातच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. म्हणजे दर थोड्या वेळाने थांबून सुई ओवणं आलंच.

एकदा ऑफिसात अपमान गिळून घरी आले आणि तशीच शिवायला बसले. सकाळी पाहिलं तर वीतभर ओळ चुण्या पडून गोळा झालेली. मी दोरा ताणत होते आणि मला पत्ताच नव्हता. राग गेला असं मला रात्री वाटलं होतं. ती ओळ मी उसवली नाही.

आता तुमच्या आईंबद्दल, जपून. ‘ध्यान’ हा शब्द मी कुठल्या आश्रमातून आणलेला नाही. ‘ध्यान दे गं, सुई लागंल,’ असं आजी म्हणायची. ध्यान म्हणजे लक्ष, एवढंच. त्याचं सुख व्हायलाच हवं असं नाही. तुमच्या आईंच्या खालच्या बोटालाही ते टोक दिवसभर लागत असणार, आणि माझ्यापेक्षा कितीतरी बारीक कळत असणार. त्यांचे टाके सारखे आले असतील, तर ते त्या लक्षातूनच आले. पाठ दुखत होती म्हणून ते लक्ष कमी पडलं, असं मला म्हणवत नाही.

जात्याचंच बघा. दळणाने हात भरून यायचे, पहाटेची झोप जायची. तरी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. दळण सुखाचं होतं असं त्या बायाही म्हणत नाहीत; ओव्यांत सासुरवास आहे, भूक आहे. नामदेव तर जातीचे शिंपी. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एकात मन हा कापड मोजायचा गज, जीभ ही कात्री. दुसरं काही न घेता ते धंद्यातलीच हत्यारं घेतात. त्याच पदात सोन्याची सुई आणि रुप्याचा दोराही येतो. पोटापाण्याचं काम एकीकडे आणि मन लागणं दुसरीकडे, अशी वाटणी त्यांनी केली नाही. मला ती का करावीशी वाटावी?

आमच्याकडे रात्री दहानंतर दोन-तीन ओळी होतात. कडेपासून सुरू केलंय, चौकोनी फेऱ्या आत आत जातात. आता मधला चौक हातभर उरलाय, आणि तिथे माझं अडतं. दोरा संपला की माझी गाठ वर दिसते, पाठीला टोचते. आजीच्या गोधडीत एकही गाठ सापडत नाही; मी उलटसुलट करून शोधली. तुमच्या आई गाठ पदरांच्या पोटात कशी ओढून घ्यायच्या, आणि शेवटचा दोरा कुठे जिरवायच्या? त्यांना विचारून सांगाल का?