तालुका पातळीवर तत्त्वज्ञ होताना

तुम्हाला तत्त्वज्ञ व्हायचंय, हे तुमच्या स्टेटसवरूनच ओळखलं. सलग चार दिवस उगवता सूर्य, त्याच्यापुढं पाठमोरा माणूस आणि खाली 'आयुष्य एक प्रवास आहे' असं दिसायला लागलं की घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं असतं. निर्णय चांगलाय. शेतीत काही राहिलं नाही, भरतीची जाहिरात निघत नाही आणि निघाली तर पेपर फुटतो. तत्त्वज्ञानाला भांडवल लागत नाही, सातबारा लागत नाही, पावसाची वाट बघावी लागत नाही. उलट पाऊस लांबला की हा धंदा जोरात चालतो.

पहिलं पथ्य म्हणजे वाचू नका. वाचणारा माणूस बोलताना अडखळतो, आणि अडखळणाऱ्याला पारावर कोणी सरकून जागा देत नाही. नावं मात्र पाच-सहा तोंडपाठ हवीत. त्यात सॉक्रेटिस सगळ्यात सोयीचा. या माणसानं स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. जे काही कळतं ते बहुतेक त्याच्या चेल्यांच्या लिखाणातून. म्हणजे त्याच्या नावावर काहीही खपवा, 'हे त्यानं कुठं लिहिलंय?' असं कोणी विचारूच शकत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर सॉक्रेटिसनं सासू-सुनेचं नातं, साखरेचा आजार आणि पहाटे उठण्याचे फायदे या तिन्हींवर मत दिलं. पैकी एकावर दाढी त्याची नव्हती, टॉलस्टॉयची होती. पण दाढी आहे ना, मग झालं.

फक्त त्याची एक खोड उचलू नका. तो प्रश्न विचारायचा. भर बाजारात कोणालाही थांबवायचा, न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय, आणि समोरच्याला स्वतःलाच काही कळत नसल्याचं कळेपर्यंत सोडायचा नाही. गावचे देव मानत नाही आणि पोरं बिघडवतो, म्हणून ख्रिस्तपूर्व ३९९ साली अथेन्सकरांनी त्याच्यावर खटला भरला. दोषी ठरल्यावर विचारलं, बोल बाबा, काय शिक्षा देऊ? तर म्हणाला, नगराच्या खर्चानं जेवू घाला. मग विषाचा पेला आला. तुम्हाला प्रश्नाची फारच हौस असेल तर 'मी कोण आहे?' हा विचारा. त्याला उत्तर नाही आणि त्याचा कोणाला रागही येत नाही. ग्रामसभेत उठून 'घरकुलाचा दुसरा हप्ता कुठं अडकला?' असलं काही विचाराल, तर विष नाही मिळणार, पण पुढच्या यादीत तुमचं नाव मिळणार नाही.

आयात केलेलं तत्त्वज्ञान आपल्या हवामानात तपासून घ्यावं, हे दुसरं पथ्य. सगळंच इथं तगत नाही. इफेसस या जुन्या ग्रीक शहरातल्या हेराक्लिटसचं घ्या. एकाच नदीत दोनदा पाय ठेवता येत नाही म्हणतो, कारण पाणी वाहून गेलेलं असतं. हे वाक्य मी एका उन्हाळ्यात मांजरा नदीच्या काठावर म्हणून पाहिलं. शेळ्या राखणारं पोरगं म्हणालं, "काका, आधी एकदा तरी भिजू द्या की." आमच्याकडची नदी वाहून जात नाही, आमच्याकडं नदी आणावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला ती मिरजेहून रेल्वेनं आली होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले. असं दृश्य हेराक्लिटसच्या नशिबात नव्हतं.

ग्रीसच्याच डायोजेनिसचंही तेच. रांजणात राहायचा म्हणे. आठव्या दिवशी टँकर येतो त्या गावात रांजणात माणूस बसला तर बायका आधी त्याला बाहेर काढतील आणि मग तत्त्वज्ञान ऐकतील. दिवसाढवळ्या कंदील घेऊन माणूस शोधत फिरायचा. इथं लोकांना वाटेल, भारनियमन. आणि ती सिकंदराची गोष्ट तर इथं अजिबात सांगू नका. सिकंदर समोर उभा राहून म्हणतो, हवं ते माग. हा म्हणतो, माझ्या उन्हातून बाजूला हो. परभणीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता सिकंदर असा समोर येऊन उभा राहिला असता, तर आमचा माणूस म्हणाला असता, "हलू नको बाबा, तेवढीच सावली."

शोपेनहॉवर मात्र चालतो. त्याची साळिंदरांची गोष्ट आहे. थंडीत साळिंदरं ऊब मिळावी म्हणून जवळ येतात, काटे टोचले की लांब होतात, पुन्हा गारठतात, पुन्हा जवळ येतात, असं करत करत टोचणार नाही आणि गारठणार नाही एवढं अंतर सापडतं. जर्मनीत ही माणसाच्या स्वभावावरची मोठी गोष्ट समजतात. आपल्याकडं तिला भाऊकी म्हणतात, आणि ते अंतर तलाठ्याच्या नकाशात असतं. फरक एवढाच की साळिंदर दरवर्षी नांगराच्या फाळानं अर्धा फूट पुढं सरकत नाही.

'जो सांगतो त्यानं तसं वागलं पाहिजे' असली शंका मनात येऊ देऊ नका. या बाबतीत थोरांनी आपली मोठी सोय करून ठेवली आहे. मुलांना कसं वाढवावं यावर रूसोनं १७६२ साली ग्रंथ लिहिला. त्याची स्वतःची पाच मुलं जन्मताच अनाथालयात पोचली होती. त्यामुळं शेजाऱ्याच्या पोरानं 'नीट'ची परीक्षा सोडून आयटीआयला का जावं, हे तुम्ही खुशाल सांगा. सेनेका रोममधल्या बड्या श्रीमंतांपैकी, सम्राट नीरोचा गुरू. तो सांगायचा, अधूनमधून काही दिवस जाडंभरडं खा, खरखरीत कपडे घाला आणि मनाला विचारा, याचीच भीती वाटत होती का? (सेनेका मला आवडतो, खोटं कशाला बोलू. मी जे बोलतो तसा मी नाही, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. तेवढा भाग फॉरवर्डमध्ये येत नाही.) आपल्याकडं तो प्रयोग बारा महिने चालू असतो. फक्त त्याला प्रयोग म्हणतात हे करणाऱ्यांना ठाऊक नाही.

प्रात्यक्षिक पाहायचं असेल तर मोंढ्यात जा. दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गावचे एक तात्या बावीस कट्टे सोयाबीन घेऊन आडतीवर गेले, सोबत मी. हमालानं कट्ट्यात नळी खुपसली, मूठभर दाणे काढले. आडत्यानं दोन दाताखाली धरले, बाकीचे यंत्रात टाकले. यंत्र चौदा दाखवायलंय म्हणाला. ओलावा बाराच्या आत पाहिजे. तात्या म्हणाले, घरी खळ्यावर आठ दिवस वाळवलंय. आडत्या म्हणाला, यंत्राला काय माहीत? मग भाव चारशेनं खाली आला, वर माती, काडीकचरा, हमाली, तोलाई. तात्या गप्प. आडत्यानं चहा मागवला, गादीवर मागं टेकला, भिंतीवरच्या लक्ष्मीकडं बघत एक उसासा सोडला आणि म्हणाला, "तात्या, एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. शेवटी काय घेऊन आलो आणि काय घेऊन जाणार?"

हे क्षण नीट पाहून ठेवा. आवाज कसा मऊ झाला, डोळे कसे अर्धे मिटले. ज्याच्या हातून वजनकाटा हलतो त्यानंच वैराग्य सांगावं, तरच ते ऐकावं लागतं.

तात्यांना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "घेऊन आलतो की, बावीस कट्टे. घेऊन कसं जायचं तेवढं सांगा, टेम्पोवाला परतीचं भाडं मागायलाय."

असे लोक श्रोते म्हणून घातक. टाळा.

आणखी एक धोका, तो घरचाच. आपण ज्या भागात हा धंदा मांडतोय तिथली जमीन जरा वाईट आहे. पैठणला एकनाथ, गंगाखेडला जनाबाई, नर्सीला नामदेव, जांबला रामदास, आणि धाराशिवजवळ तेरला गोरोबाकाका. त्यातल्या गोरोबाकाकांची गोष्ट कोणी काढली तर विषय बदला. संतमंडळी तेरला जमली होती. मुक्ताबाई म्हणाली, काका, यातली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची, बघा बरं. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. सगळे शांत बसले. नामदेव कुरकुरले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

इथं नामदेवांनी केवढी चूक केली बघा. तोवर नाव झालेलं, खुद्द पांडुरंगाशी बोलणं, चारचौघांत अपमान. गोरोबांच्या विरोधात निषेधाचं पत्रक काढता आलं असतं. ते सोडून हा माणूस औंढ्याला विसोबा खेचरांकडं शिकायला गेला. तुम्ही असं काही करू नका. तुमच्या डोक्याजवळ थापटणं येऊ देऊ नका. थापटणं नेहमी आपल्या हातात, डोकं दुसऱ्याचं.

एवढं सगळं सांगतोय म्हणजे माझा हात बसला असेल असं वाटेल. तर मागच्या मार्चमध्ये आठवडी बाजारात माठ घ्यायला गेलो. कुंभारणीच्या पुढ्यात पंधरा-वीस माठ मांडलेले. तिनं एक उचलला, बोटाच्या पेरानं टण् वाजवला, माझ्या कानाशी धरला. दीडशे म्हणाली. मला वाटलं, हीच वेळ. आवाज मऊ केला, डोळे जरा मिटले आणि म्हणालो, "मावशी, शेवटी मातीचंच ना? मातीतून आलं, मातीतच जायचं. शंभर घ्या."

तिनं माठ खाली ठेवला.

"मातीच पायजे व्हय? ती फुकट न्या की, तळ्यावर पडलीय. मडकं दीडशेला."

शेजारचा कांदेवाला हसला. मी दीडशे काढून दिले. पैसे कमरेला खोचता खोचता ती म्हणाली, पहिले दोन दिवस पाणी भरून ओतून द्या, नाहीतर वास येतो.