चौथा गडी

बॅडमिंटन हा खेळ मी स्वतः होऊन निवडलेला नाही, एवढे आधीच नोंदवून ठेवतो. आमच्या नागपूरच्या अपार्टमेंटमधील चार गृहस्थ गेली काही वर्षे रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा जवळच्या एका हॉलमध्ये दुहेरी खेळत आणि महिन्याचे ३,२०० रुपये भाडे चौघांत वाटून घेत. मागच्या मार्चमध्ये त्यांच्यातल्या बँकेच्या साहेबांची चंद्रपूरला बदली झाली आणि उरलेल्या तिघांपुढे संकट उभे राहिले. ३,२०० ला चाराने भागले की सरळ ८०० येतात. तिनाने भागले की १,०६६ रुपये येतात आणि त्यापुढचे पैसे संपता संपत नाहीत. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका, वय वर्षे एकाहत्तर, दारात उभे राहून मला म्हणाले, "तुम्ही पहाटे साडेपाचला काय करून राहिले असता?"

"झोपलेला असतो," मी खरे ते सांगितले.

"म्हणजे रिकामेच आहात ना बापा."

मी एका कार्यालयाच्या लेखा शाखेत काम करतो, त्यामुळे माझी निवड खेळाडू म्हणून नव्हे तर भागाकारातील भाजक म्हणून झाली आहे, हे मला तत्काळ समजले. तरीही मी होकार दिला, कारण बॅडमिंटन आपल्याला येते अशी माझी चाळीस वर्षांची समजूत होती. लहानपणी थंडीच्या दिवसांत आमच्या गल्लीत विजेच्या खांबाखाली आम्ही पोट्टे तास न् तास हा खेळ खेळत असू. जाळी नव्हती, रेषा नव्हत्या आणि रॅकेटला जेवढ्या तारा शिल्लक असतील तेवढ्यांवर भागत असे. फूल, म्हणजे शटलकॉक, खाली पडू न देता दोघांनी मिळून जास्तीत जास्त वेळा उडवायचे, एवढाच नियम होता. माझ्या नावावर शेजारच्या मुलीबरोबर केलेल्या एकशे सतराचा विक्रम आहे, आणि तो मोडल्याचे अद्याप माझ्या कानावर आलेले नाही.

पहिल्याच पहाटे मी सर्व्हिस केली ती या संस्कारांना धरून, म्हणजे समोरच्याला घेता यावी अशी. काकांनी ती घेतली आणि माझ्या पायाशी आपटली. मी वाकून फूल उचलले आणि म्हणालो, "सॉरी, नीट नाही का आली?" हॉलमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग काकांनी जाळीपाशी येऊन, लहान मुलाला समजवावे तशा स्वरात, मला सांगितले, "अहो, त्याला पाडायचंच असते."

मी त्या दिवशी घरी आल्यावर थोडा अभ्यास केला आणि माझ्या लक्षात आले की चूक माझी नसून इतिहासाची आहे. फूल हवेत तरंगत ठेवण्याचा खेळ इंग्लंडमध्ये 'बॅटलडोर अँड शटलकॉक' या नावाने फार पूर्वीपासून चालत आलेला आहे आणि त्यात कोणी कोणाला हरवत नसे. मध्ये जाळी बांधून एकमेकांना हरवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी वाढवला. त्यांच्या तोंडी त्या खेळाचे नाव 'पूना' असेच होते, कारण तो पुण्याच्या छावणीत जोरात चाले. एका निरुपद्रवी खेळाला नियम लावण्याचे काम पुण्यात व्हावे, यात कोणाही नागपूरकराला नवल वाटणार नाही. पुढे १८७३ च्या सुमारास ग्लॉस्टरशायरमध्ये ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या 'बॅडमिंटन हाऊस' या वाड्यावर हा खेळ झाला आणि त्याला वाड्याचे नाव चिकटले, असे सांगतात. म्हणजे पुण्याने इतके करूनही नाव दुसऱ्याचेच लागले; याबद्दल पुण्यात अजून एकही फलक कसा लागला नाही, याचे मला कोडे आहे. ते असो. मुद्दा असा की मी चाळीस वर्षे १८७३ पूर्वीचे बॅडमिंटन खेळत होतो. काकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "हाव, पण भाडं आत्ताचं आहे."

दुसऱ्या दिवशी रॅकेट घ्यायला मी सीताबर्डीवर गेलो. दुकानातील मुलाने जी रॅकेट हातात ठेवली ती इतकी हलकी होती की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. त्याने सांगितले की ही 'फोर यू' आहे, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. 'थ्री यू' घेतली तर ८५ ते ८९. साडेतीन हजार रुपयांत ऐंशी ग्रॅम हा हिशेब मनात मांडून मी हबकलो. साधारण याच भावाने आम्ही लग्नसमारंभात चांदीची वाटी देत असू. मग तारा ओढण्याच्या यंत्राकडे वळत त्याने विचारले, "काका, टेन्शन किती देऊ?"

"आहे तेवढं पुरे," मी म्हणालो.

हा विनोद त्याने दिवसातून दहा वेळा ऐकला असावा, कारण तो हसला नाही. ताराही पौंडांत ओढतात आणि नवशिक्याला बावीस पुष्कळ झाले, असे त्यानेच ठरवून टाकले. गम सोलचे बूटही घ्यावे लागले, कारण साध्या बुटांनी कोर्टावर काळे डाग पडतात आणि माणूस घसरतोही. माझ्या बाबतीत बुटांनी पहिले काम टाळले, दुसरे टाळू शकले नाहीत.

मात्र या खेळातला खरा खर्च फुलाचा आहे. गल्लीतले फूल प्लॅस्टिकचे असे आणि एका हिवाळ्याला एक पुरत असे. इथले फूल सोळा खऱ्या पिसांचे असते, बुचाच्या गोलाईत ती एकेक रोवलेली असतात, आणि सगळे प्रकरण नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या आत भरावे लागते. पिसे हंसाची किंवा बदकाची, आणि तीही सगळी एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात, कारण डाव्या-उजव्याची भेसळ झाली की फूल हवेत नीट फिरत नाही. इतक्या निगुतीने केलेली वस्तू माझ्या एका फटक्यात अर्धी होते. फटका जोरदार असतो म्हणून नव्हे. तो तारांऐवजी रॅकेटच्या कडेने बसतो म्हणून.

त्यात नागपूरचा उन्हाळा. हवा तापली की ती विरळ होते आणि फूल नेहमीपेक्षा लांब पळते. त्यामुळे डबीवरचा आकडा पाहून कमी वेगाचे, ७६ नंबरचे फूल आणावे लागते. शिवाय इथल्या कोरड्या हवेत पिसे पापडासारखी कडकडीत होतात आणि दोन रॅलीत तुटतात. यावर जगभर मान्य असलेला उपाय म्हणजे फुलांना वाफ देणे, आणि हे काम नव्या गड्याकडे असते, असे मला सांगण्यात आले. तेव्हा एप्रिल-मे महिन्यात रोज रात्री दहा वाजता मी आमच्या इडलीच्या कुकरवर फुलांची लांब नळी दोन्ही झाकणे काढून चिमट्यात उभी धरीत असे. वाफ खालून शिरते, पिसांमधून हळूहळू वर येते आणि नळीच्या तोंडाशी एक ओलसर, किंचित कोंबडीच्या खुराड्यासारखा वास दरवळतो. वाफ कमी झाली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर बूच सुटते, म्हणून मनातल्या मनात वीस अंक मोजायचे. पहिल्या रात्री मुलीने बैठकीच्या खोलीतून विचारले, "आई, इडल्या आहेत का?" तेव्हा सौभाग्यवतींनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिले, "नाही, तुझे बाबा बदकं वाफवून राहिले."

हॉलला पत्र्याचे छत आहे, आणि आदल्या दिवशीचे ऊन त्याखाली रात्रभर मुक्कामाला असते. दाराशी एक भलामोठा डेझर्ट कूलर ठेवलेला आहे. मी पहिल्या दिवशी मोठ्या आशेने त्याचे बटण दाबले, तेव्हा तिघेही एकदम ओरडले. पाच ग्रॅमच्या फुलाला वारा सहन होत नाही, त्यामुळे खेळ चालू असताना पंखा, कूलर आणि खिडकी या तिन्ही गोष्टी बंद असतात. मे महिन्यात, नागपुरात, कूलर समोर असून तो न लावता पळत राहण्याला व्यायाम म्हणावे की तप, हे मला ठरवता आले नाही.

कोर्टाची मापे मला काकांचे जोडीदार असलेल्या कंत्राटदारसाहेबांनी त्यांच्या भाषेत समजावून दिली. "चव्वेचाळीस बाय वीस. आठशे ऐंशी स्क्वेअर फूट. टू बीएचके बसतो यात." मी लगेच चौघांत वाटणी केली तेव्हा माझ्या वाट्याला २२० चौरस फूट आले, म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा थोडे जास्त. त्या खोलीत मी गेली अकरा वर्षे राहत आहे, पण तिच्या चारही कोपऱ्यांत एका मिनिटात जाण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझे जोडीदार, दातांचे डॉक्टर, फूल नेमके दोघांच्या मधोमध आले की "तुमचं!" म्हणून शांतपणे बाजूला होतात, आणि ते पडल्यावर "काही नाही, काही नाही" असे म्हणतात. दाढ काढताना ते याच स्वरात बोलतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

नियमांपैकी बहुतेक मला पटले. एकवीस गुणांचा एक गेम, तीनपैकी दोन जिंकायचे. वीस-वीस झाले तर दोनची आघाडी लागते, आणि तरीही निकाल लागेना तर तीसवर गाडा थांबतो. आपला गुण सम असेल तर उजवीकडून सर्व्हिस, विषम असेल तर डावीकडून. रेषेवर पडलेले फूल आत धरतात. याबाबत कंत्राटदारसाहेबांचा उत्साह पाहून त्यांच्या बांधकामांविषयी मला काही शंका आल्या, पण त्या इथे अप्रस्तुत आहेत. २००६ पूर्वी सर्व्हिस ज्याची असेल त्यालाच गुण मिळत, आणि काका अजून त्या काळात हळहळत असतात. "आमच्या वेळेस आपली सर्व्हिस असताना चुकलं तर निसती सर्व्हिस जात होती. आता प्रत्येक चूक खात्यावर चढते." लेखा शाखेतील माणसाला ही नवी पद्धत आवडायला हवी होती, पण खाते स्वतःचे असले की दृष्टी बदलते.

घोडे अडले ते सर्व्हिसच्या उंचीवर. पूर्वीचा नियम असा होता की फटका बसताना संपूर्ण फूल सर्व्हिस करणाऱ्याच्या कमरेखाली असावे, आणि कंबर म्हणजे शेवटच्या बरगडीच्या तळाशी कल्पिलेली रेषा. काका अजून त्याच नियमाने चालतात. त्यांनी माझी बरगडी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, डॉक्टरांचेही मत घेतले, आणि शेवटी ती सापडत नसल्याचे जाहीर केले. सुदैवाने २०१८ मध्ये जागतिक संघटनेने माणसाच्या शरीररचनेचा नाद सोडून जमिनीपासून १.१५ मीटर अशी एकच उंची आणली. माझ्यासारखे खेळाडू जगभर असल्याशिवाय एवढा बदल झाला नसता. कंत्राटदारसाहेबांनी टेप आणून जाळीच्या खांबावर त्या उंचीला पेन्सिलने खूण केली.

स्मॅशविषयी, म्हणजे फूल वरून जोराने खाली आपटण्याच्या फटक्याविषयी, थोडक्यात सांगतो. भारताचा दुहेरीतला खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ मध्ये जपानमध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मर्यादा आहे. त्या स्मॅशच्या वेगाने कोणी निघाले तर नागपूरहून मुंबई सव्वा तासात येईल. माझा स्मॅश नागपूरच्या हद्दीतच, जाळीच्या खालच्या भागात थांबतो. पण खरे दुःख स्मॅशचे नाही. पिसांचा तो घेर हवा अडवतो, त्यामुळे कितीही जोराने मारलेले फूल लगेच मंदावते, आणि या एका गोष्टीवर काका एकाहत्तराव्या वर्षी जगून राहिले आहेत. ते मधल्या रेषेवर उभे राहतात आणि तिथून हलत नाहीत. हात स्मॅशसाठी वर जातो, खांदा फिरतो, मी घाबरून चार पावले मागे जातो, आणि शेवटच्या क्षणी त्यांचे मनगट मऊ पडते. फूल जाळीच्या पांढऱ्या पट्टीला पिसांनी चाटून जाते, तिथे किंचित थबकते आणि माझ्या बाजूला सरळ खाली उतरते. ते पडेपर्यंत मी पोचणार नाही, हे मला, काकांना आणि बहुधा फुलालाही माहीत असते. तरी मी धावतो. "आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडनं २०२२ मध्ये सायनाला हरवलं," काका मला धीर देतात. "तुम्ही निदान फुलाले हात तरी लावा."

खेळ संपला की चौघे तर्री-पोहे खायला जातो. घामावाटे जे गेलेले असते ते तिथे तर्रीसकट परत येते, आणि तो हिशेब मी मुद्दाम ठेवलेला नाही.

नोव्हेंबरात बँकेच्या साहेबांची नागपूरला परत बदली झाली. ही बातमी कळली त्या रात्री मी कुकर माळ्यावर ठेवला आणि गजर बंद करून झोपलो. सकाळी सव्वापाचला बेल वाजली. दारात काका उभे होते आणि त्यांच्या हातात एक कागद होता, ज्यावर ३,२०० ला पाचाने भागलेले होते. "सहाशे चाळीस," ते म्हणाले. "प्रत्येकाचे एकशे साठ वाचून राहिले. तुम्हाला कसं सोडता येईल?"

आता आम्ही पाच जण आहोत. पाचाला चाराने भागले की बाकी एक उरते, आणि ती बाकी कोण, हे रोज चिठ्ठ्या न टाकताच ठरते. मी बंद कूलरशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गुण मोजतो. परवा काकांच्या सर्व्हिसला मी खांबावरची पेन्सिलची खूण डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली. फूल स्पष्टपणे वर होते. मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "फॉल्ट! एक पूर्णांक पंधरा शतांश मीटर!"

काकांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. "बसा ना बापा गुपचूप," ते म्हणाले आणि पुन्हा तिथूनच सर्व्हिस केली.