२०१२चा नीचांक आणि बर्फाची जाडी

नमस्कार. आर्क्टिकच्या समुद्री बर्फावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. २०१२चा नीचांक अजून मोडलेला नाही, म्हणजे घट थांबली. उपग्रहांच्या नोंदी १९७९पासूनच्या, त्याआधी कोणी मोजलं? आणि अंटार्क्टिकात बर्फ वाढला होता, ते मी लपवलं.

आधी माझी चूक. ‘दरवर्षी बर्फ घटतोय’ असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. वाक्य आजच बदललंय. सप्टेंबर २०१२मध्ये आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता, २०२५च्या सप्टेंबरात तो ४६ लाख होता. पण २०१२पासून मोजायला सुरुवात केली की पुढचं कुठलंही वर्ष बरंच दिसणार. त्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या वादळाने आधीच विरळ झालेला बर्फ फोडला होता. १९८०च्या दशकात सप्टेंबरातला आकडा ७० लाखांच्या आसपास असायचा. आणि २००७ ते २०२५ ही १९ वर्षं म्हणजे उपग्रह-नोंदीतली सर्वांत कमी बर्फाची १९ वर्षं आहेत. मधल्या एकाही उन्हाळ्यात बर्फ जुन्या पातळीला परतलेला नाही.

शिवाय हे सगळे आकडे पसाऱ्याचे. नकाशावरच्या ज्या चौकोनात शेकडा किमान १५ भाग बर्फ असतो, तो अख्खा चौकोन बर्फाचा धरतात. धरणात पाणी किती, हे आपण पाणी कुठवर पसरलंय त्यावरून सांगत नाही, टीएमसीत सांगतो. बर्फाचंही तसंच, खोली कळल्याशिवाय साठा कळत नाही.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी पाणबुड्या आर्क्टिकच्या बर्फाखालून फिरत आणि डोक्यावरचा बर्फ किती खाली उतरलाय ते सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून अंतर सांगणाऱ्या यंत्राने, मोजत. लष्करी कामासाठी घेतलेल्या त्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांना मिळाल्या. रॉन क्वोक आणि ड्रू रोथरॉक या समुद्री बर्फाच्या अभ्यासकांनी त्यांना उपग्रहाच्या मोजमापांची जोड देऊन २००९मध्ये निष्कर्ष मांडला: आर्क्टिकच्या मध्यवर्ती भागात हिवाळ्यातली सरासरी जाडी १९८०मध्ये ३.६४ मीटर होती, २००८च्या हिवाळ्यात १.८९ मीटर. जवळजवळ निम्मी! मला स्वतःला क्षेत्रफळाच्या कुठल्याही आलेखापेक्षा या दोन आकड्यांनी जास्त अस्वस्थ केलं.

जाडी गेली, कारण जुना बर्फ गेला. समुद्राचं पाणी गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकतं, उरलेलं वर्षानुवर्षं झिरपून जातं. म्हणून जुना बर्फ जाड आणि टणक असतो, उन्हाळ्यात तग धरतो. १९८५च्या मार्चमध्ये आर्क्टिकच्या बर्फाचा सुमारे तिसरा हिस्सा चार वर्षांहून जुना होता. आता तो शेकडा पाचही उरलेला नाही. एका हिवाळ्यात धरलेला पातळ बर्फ एखाद्या थंड, ढगाळ उन्हाळ्यात टिकतो आणि पसारा चांगला दिसतो. पुढच्या वादळात किंवा कडक उन्हात तोच चटकन जातो. २०१२नंतरचे चढउतार मी असे वाचते.

अंटार्क्टिकाबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते लेखात यायला हवं होतं. लपवलं मात्र नाही, लेख उत्तरेबद्दल होता. २०१४च्या सप्टेंबरात तिथला समुद्री बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता, तो उपग्रह-काळातला उच्चांक. उत्तरेत जमिनीने वेढलेला समुद्र, तर दक्षिणेत समुद्राने वेढलेली जमीन. तिथला बहुतेक बर्फ दर उन्हाळ्यात वितळतोच आणि वारे त्याला मोकळ्या समुद्रात पसरवतात. त्यामुळे दोन्ही टोकं एकाच चालीने चालत नाहीत. पण २०१६मध्ये तिथेही बर्फ एकदम घसरला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये १७.९ लाखांवर आला, तोवरचा नीचांक. त्याच वर्षीच्या हिवाळ्यातही तो कधी नव्हे इतका कमी भरला. ही घसरण नेमकी कशाने, यावर अजून वाद चालू आहे. वाऱ्यांमधले बदल आणि खालून वर येणारं उबदार पाणी, दोन्हींकडे बोट दाखवलं जातं. तुमच्या आक्षेपामुळे हा परिच्छेद आता मूळ लेखातही घातलाय.