‘मुलाच्या डेकची किंमत बघा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या आणि भाच्याच्या वर्गातल्या पालकांच्या (तिथे मी बहिणीच्या वतीने असतो). मेसेज थोडक्यात असा: मुलांची पोकेमॉन, मॅजिक वगैरे खेळांची कार्डं रद्दीत घालू नका. डेकची, म्हणजे खेळायला जमवलेल्या कार्डांच्या संचाची, यादी वेबसाइटवर टाका, शेजारी किंमत येते. ती कंपनीने ठरवलेली असते. किंमत जितकी जास्त तितका डेक भारी. आलेल्या डॉलरना रुपयाने गुणा, तेवढे पैसे घरात पडून आहेत.

रात्री साडेदहाला बहिणीचा फोन. “दादा, ह्याच्या डब्यात चाळीस हजार आहेत म्हणे.” रविवारी जाऊन डबा उघडला. त्याचं पुढे सांगतो.

कंपनीचा मुद्दा आधी घेऊ, तो लवकर संपतो. कंपनी विकते ती मुख्यतः बंद पाकिटं आणि तयार डेक. पाकिटातून निघालेल्या सुट्या कार्डाचा भाव ती जाहीर करत नाही. डेक मांडून ठेवायच्या ज्या साइट आहेत, मॅजिकसाठी मॉक्सफील्ड, आर्किडेक्ट वगैरे, त्याही भाव ठरवत नाहीत. भाव कार्डं विकायच्या साइटवरून, म्हणजे बाजारातून येतो: अमेरिकेतल्या टीसीजीप्लेअरवरून डॉलरमध्ये, युरोपातल्या कार्डमार्केटवरून युरोमध्ये. साइट फक्त भाव गुणिले नग करते आणि खाली बेरीज मारते. किराणा दुकानदार यादीखाली रेघ ओढतो, तेवढंच. काही ठिकाणी आकड्याऐवजी ‘बजेट’ किंवा ‘महाग’ असा शिक्का दिसतो. तोही पैशांचाच, डेकच्या गुणांचा नाही.

खरी गंमत पुढे आहे. भाव म्हणजे नेमका कुठला भाव?

सोलापूरकरांना हे सांगायला लागू नये. यार्डात कांद्याचा लिलाव झाला की तीन दर निघतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळा होतो कमाल दराचा. तो बहुतेक वेळा एखाद्या निवडक वक्कलाला (ढिगाला) लागलेला असतो. बाकी गाड्या सर्वसाधारण दराच्या आगेमागे जातात आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते तेव्हा त्यातून हमाली, तोलाई गेलेली असते. मथळा वाचून कुणी ट्रॅक्टर बुक करत नाही. कार्डांच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंसुद्धा करतात.

समजा एक कार्ड पाच जणांनी विकायला ठेवलंय: ८०, ९०, ९५, १०० आणि ९०० रुपयांना. सगळ्यात कमी भाव ८०. मधला ९५. सरासरी काढली तर २५३, आणि २५३ ला तर कुणीच विकत नाहीये! तो ९०० वाला एकटा सगळं वर ओढतो. मागायला त्याचं काय जातं? म्हणून टीसीजीप्लेअर ‘मार्केट प्राइस’ वेगळी दाखवतं. ती नुकत्याच झालेल्या खऱ्या विक्रीवरून काढतात, मागितलेल्या भावावरून नाही. कार्डमार्केटवर सगळ्यात स्वस्त भाव वेगळा आणि ‘ट्रेंड’, म्हणजे झालेल्या विक्रीचा कल दाखवणारा भाव, वेगळा असतो. डेकची बेरीज यातल्या कुठल्या रकान्यावरून झाली, हे बघितल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे. आणि सगळ्यात कमी भावांची बेरीजही फसवीच. साठ कार्डं वीस वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे, म्हणजे वीस वेळा टपालखर्च.

त्यातही एकच कार्ड अनेकदा छापलं जातं. मॅजिकमधलं ‘सोल रिंग’ घ्या. १९९३ च्या पहिल्या, अल्फा छपाईतली चांगली प्रत हजारो डॉलरला जाते. तेच कार्ड आता जवळपास प्रत्येक तयार कमांडर डेकमध्ये (कमांडर हा शंभर कार्डांच्या डेकने मॅजिक खेळायचा एक प्रकार) येतं आणि सुटं घेतलं तर एखाद-दोन डॉलरला मिळतं. खेळात दोन्ही तंतोतंत तेच काम करतात. साइटवर यादी टाकताना चुकून जुनी आवृत्ती निवडली गेली तर शंभर कार्डांच्या डेकमध्ये उरलेली नव्याण्णव कार्डं तीच राहून बेरीज गगनाला भिडते. पोकेमॉनमध्येही हेच. साधं कार्ड आणि विशेष चित्राचं कार्ड, नाव तेच, हल्ले तेच, भावात मात्र जमीन-अस्मान.

‘महाग तो भारी’ हा मुद्दा इथेच निकालात निघतो. एखाद-दोन डॉलरची सोल रिंग हे कमांडरमधल्या सगळ्यात ताकदवान कार्डांपैकी एक आहे. महागाई येते दुर्मीळपणातून, मागणीतून आणि पुन्हा छपाई झाली की नाही यातून. ताकद हे मागणीचं एक कारण, एवढंच. उलटा दाखलाही आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला कमांडरमध्ये ‘मॅना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’ ही कार्डं खेळण्यावर बंदी आली आणि दोन्हींचे भाव कोसळले. कार्डावरचं अक्षरही बदललं नव्हतं. आदल्या आठवड्यात डेकचा स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांकडे स्क्रीनशॉट राहिला.

आता डबा. वर कडक प्लास्टिकची, सोनेरी रंगाची जाडजूड चकचकीत कार्डं. भाच्याच्या मते हीच सगळ्यात भारी. एका स्टॉलवरून आणलेली, पाकीट वीस रुपयांना. ती अस्सल नव्हतीच. पण यादीत त्याने नाव टाइप केलं ‘चारिझार्ड’ (पोकेमॉनमधलं एक पात्र), आणि साइटने अस्सल चारिझार्डचा भाव लावला. साइट तुमचं कार्ड बघत नसते हो, तुम्ही लिहिलेलं नाव बघते. निम्मे पैसे तिथेच गेले.

खाली सात-आठ अस्सल कार्डं निघाली. एक ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं. चकाकीवर ओरखडे, मागच्या निळ्या कडेवर पांढरे ठिपके, एक कोपरा दुमडलेला. दुसऱ्यावर तेलाचा गोल डाग आणि त्यात तिखटाचा लालसर कण.

“शेंगाचटणी?” मी विचारलं.

“मामा, ते जेवताना मॅच चालू होती.”

बाजारात कार्डाची अवस्था पायऱ्यांनी मोजतात: नियर मिंट (जवळपास कोरं), मग हलकं वापरलेलं, मध्यम, जास्त, आणि शेवटी खराब. बहुतेक डेक-साइटची बेरीज कार्ड चांगल्या अवस्थेत आहे असं धरून चालते. चटणीला तिथे रकाना नाही.

राहिला डॉलर गुणिले रुपये. तो भाव तिकडच्या ग्राहकाने तिकडच्या विक्रेत्याला दिलेला. तुम्ही विकायला गेलात की दुकानदार त्याहून कमीच देणार, त्याला पुढे विकून नफा काढायचाय. परदेशातल्या दुकानाला विकायचं तर सोलापूरहून पाठवायचा खर्च तुमचा. इथेच विकायचं तर घेणारा हवा, आणि आमच्या भाच्याच्या वर्गात घेणाऱ्याची ऐपत दोन वडापावांची आहे.

मेसेजमधलं एक वाक्य मला मान्य आहे: रद्दीत घालू नका. काही जुनी कार्डं खरंच महाग असतात, एकेक तपासून बघा. डेक विकत घेण्याआधी अंदाज म्हणून त्याची बेरीज उपयोगीच आहे.

बहिणीला मी हिशेब सांगितला: सगळं मिळून चार-पाचशे, तेही घेणारा भेटला तर. ती भाच्याकडे बघत म्हणाली, “मग चाळीस हजार कुठून आणलेस बे तू?” त्याने न कचरता मोबाइल पुढे केला आणि आवृत्ती कुठे बदलायची ते दाखवलं. वर्गात दाखवायला सगळ्यात महाग, आईकडे नवं पाकीट मागताना सगळ्यात स्वस्त. मेसेज आला त्या दिवशी ते परत बदलायचं राहून गेलं होतं.