जुनी किट्स जोडण्यासाठीच आहेत

रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती सुट्या भागांतून जोडण्याची जुनी प्लॅस्टिक किट्स सीलबंद ठेवण्यातच त्यांचे मोल आहे, हे आपल्याकडच्या लेखातील मत मला पटत नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी आलेला तामिया या जपानी कंपनीचा पँथर हा जर्मन रणगाडा मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील अशा बेताने आखला गेला आणि त्यातूनच प्रतिकृतींसाठी १:३५ (मूळ आकाराच्या पस्तिसाव्या भागाएवढे) हे प्रमाण रूढ झाले. म्हणजे तो चालवण्यासाठीच घडवलेला होता. आमच्या इंदूरमध्ये अशी किट्स सहज मिळत नसत, म्हणून काकांनी परदेशाहून आणलेला एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा शर्मन हा अमेरिकी रणगाडा जोडताना घरातील सारी मुले भोवती जमली होती. चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्याच्या टोकावरच्या बारीक खुंट्या छिद्रांतून ओवून त्यांवर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरचे टोक अलगद टेकवायचे, कारण त्या मऊ प्लॅस्टिकला गोंद धरतच नसे. हे कौशल्य खोके न्याहाळून कसे येणार? शिवाय बंद खोकेही सुरक्षित नसते. मऊ व्हिनाइलचे पट्टे वर्षानुवर्षे चाकांना चिकटून राहिले, तर त्यांतील द्रव्य झिरपून पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकची चाके विरघळू लागतात. तेव्हा ज्यांच्याकडे अशी खोकी असतील त्यांनी निदान पट्टे वेगळ्या पिशवीत ठेवावेत. पिवळी पडलेली डिकल्स, म्हणजे रणगाड्यावर चिकटवायची चिन्हे व आकडे, पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवली, तर पुष्कळदा पुन्हा पांढरी होतात.