टोमॅटोला कुलूप

डिसेंबरात आमच्या भुसावळ-यावल पट्ट्यात रविवार म्हणजे शेतातली भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत, बडजीत मिरची-लसूण ठेचला जातोय, आणि मी धुरात डोळे चोळत मोबाईलवर 'भरीत' हे पान कुलूपबंद करतोय. कोणीही लिहावं-खोडावं अशा एका मराठी विकीचा मी प्रचालक, म्हणजे पानांच्या कुलुपांचा किल्लीवाला, आहे. पगार शून्य, शिव्या पोटभर.

भांडण टोमॅटोवरून. एक गडी पाककृतीत टोमॅटो घालायचा, दुसरा काढायचा. दुपारपर्यंत सतरा वेळा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, या एकाच वाक्याला दोघांनी हात लावला नव्हता. पान अर्धसुरक्षित करून उपयोग नव्हता. त्यात अडतात ते अनामिक आणि नवखे, हे दोघे तर माझ्याहून जुने. म्हणून पूर्ण कुलूप, एका आठवड्यासाठी.

कुलूप लावताना जी आवृत्ती समोर असते तीच गोठते. माझ्या नशिबी टोमॅटोवाली आली. (मी स्वतः भरतात टोमॅटोची सावलीही पडू देत नाही, पण हे बोलायची सोय नाही.) संध्याकाळपर्यंत चर्चा पानावर मी 'पुण्याचा' ठरलो. खानदेशी माणसाला याहून काय बोलायचं राहिलं?

मग फैजपूरहून मामांचा फोन. "अरे, अनुस्वार उडालाय. 'वाग्याचं भरीत' लिहिलंय."

"मामा, पान बंद आहे."

"किल्ली तुझ्याजवळच आहे ना?"

"आहे, पण वाद चालू असताना किल्लीवाल्याने मजकुराला हात लावू नये."

"मग किल्ली कशाले ठेवली भो?"

आठवडाभर 'वाग्याचं भरीत' वाचून कितीजणांना जेजुरी आठवली असेल, खंडोबा जाणे.

मुदत टाकताना मी ऐटीत शनिवारची मध्यरात्र टाकली होती. त्या रात्री गोधडी पांघरून पहाऱ्याला बसलो. बारा वाजले, साडेबारा वाजले, कुलूप जागचं हलेना. मग डोक्यात उजेड पडला: सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे तिथली मध्यरात्र ही आमची पहाट. गजर लावून आडवा झालो.

साडेपाचला कुलूप आपोआप निघालं. गारठलेल्या बोटांनी आधी तो अनुस्वार टाकला आणि 'जतन करा' दाबलं, तर संपादन-संघर्षाची पाटी! ५:३१ ला कोणीतरी टोमॅटो काढून गेलं होतं.

अनुस्वार मात्र त्यालाही दिसला नव्हता.