भुंग्याचं पोट सुटलं

"कॉन्फरन्सला लावायचं संशोधनाचं पोस्टर म्हणजे काय, पीपीटीच की, एका रात्रीत होतंय" असं घरात सांगून बसलो तिथंच चुकलं. विषय रताळ्यावरचा भुंगा. बेळगावच्या पश्चिम भागातल्या माणसाला रताळ्याबद्दल काय कमी सुचतंय? ए-झिरो, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर, एवढी जागा पण पुरेना. मग फॉन्ट उतरवत उतरवत 14 वर आणला. गाईडना मेल केलं तर "मेथडॉलॉजी थोडी वाढवा" म्हणून परत आलं. 12 वर आलो.

पेनड्राईव्ह घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेलो, तर माझ्या आधी दोन वाढदिवस, एक वास्तुशांत आणि एक श्रद्धांजली (ती अर्जंट, ते बरोबरच आहे). दुकानवाल्या अण्णानं फाईल उघडली.

"फोटो कुणाचा नाही काय ओ सर?"

म्हटलं आहे की, भुंग्याचा. मग खाली रेफरन्सची यादी बघून म्हणाला, "हां, हे शुभेच्छुक." आणि वर विचारतोय, "हे बोर्ड काय पोस्टर? बोर्ड असलं तर साठ टक्के कन्नड लागतंय बघा, मागनं माझ्या नावानं ओरडू नका."

नंतर त्यानं मला उठवून पाच फूट मागं उभं केलं. "वाचा आता." काय वाचतोय डोंबल, मुंग्या लागल्यागत दिसत होतं सगळं. आतला मजकूर निदान 24 पॉइंटचा, टायटल 85 च्या पुढं, हे मला माहीत नव्हतं असं नाही ओ, वर्कशॉप करून सर्टिफिकेट पण आणलंय.

"ह्यात सांगायचंय काय तुम्हाला?"

"वेलाला मातीची भर लावून भेगा बुजवल्या की भुंग्याला रताळ्यापर्यंत वाट मिळत नाही."

"कुठं लिहिलंय?"

दोघांनी मिळून शोधलं. तिसऱ्या कॉलममधी, टेबलाच्या खाली, सातवा मुद्दा. अण्णाचं पण शेत आहे, त्याचं तोंडच उतरलं. "आमचं निम्मं रताळं किडलं ह्यावर्षी, आणि तुम्ही हे तळात घालून ठेवलंय?" असं म्हणून त्यानं मला न विचारता टेबल उडवलं आणि ते वाक्य मधोमध एवढं मोठं केलं की वाढदिवसवाला पण मान वळवून वाचायला लागला.

घरी येऊन शोधलं तर 2019 साली अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या माईक मॉरिसननं हेच सांगून गाजवलंय, मुख्य निष्कर्ष मधोमध साध्या भाषेत, तपशील कडेला, आणि एक क्यूआर कोड. गाईडना मी अण्णाचं नाव नाही सांगितलं, मॉरिसनचं सांगितलं. लगेच पटलं.

एकच घोळ झाला. अण्णाचा हिशोब फुटात. "तीन बाय चार करतो, भरून बसतंय" म्हणाला आणि ओढून बसवलं. ए-झिरोचं माप वेगळं, त्यामुळं गोल लोगो अंड्यागत झाला आणि मुळात मुंगीसारखा सडपातळ असलेला आमचा भुंगा, त्याचं पोट सुटलं. कॉन्फरन्सला एका मॅडमनी बराच वेळ निरखून विचारलं पण, "ही नवीन जात काय?"

आता ते पोस्टर घरात जळणावर घातलंय. परवा पावसात काकू खालून ओली लाकडं काढत ओरडत होती, "भेगा बुजवा म्हणून एवढं मोठं लिवलंय, आणि मधी भोक कुणी पाडलंय रे?"